आईची २८६ पानं

चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "हे सॉफ्टवेअरवाले ना, असंच करतात" म्हणून माझी बाजू घ्यायला नको. सॉफ्टवेअरने त्याचं काम नीट केलं होतं, उलट शेवटी त्यानेच वाचवलं.

सप्टेंबर २०२५. गणपती होऊन गेले होते, घाटात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या, त्यामुळे साताऱ्याला आईकडे पोचायला दुपारचा एक वाजला. जेवण झालं, आई आडवी झाली, आणि मग मी जे करायला मला कुणीही सांगितलेलं नव्हतं ते करायला बसलो, म्हणजे आईचा कॉम्प्युटर "जरा बघायला". मोठ्या शहरात नोकरी करणारी मुलं घरी आली की असं काहीतरी करतातच, कुणी गीझर बघतं, कुणी गॅसची नळी बदलतं, काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय आपण येऊन गेलो असं त्यांना वाटत नाही. मी कॉम्प्युटर बघतो.

तो कॉम्प्युटर म्हणजे माझाच जुना डेस्कटॉप. ४ जीबी रॅम, कीबोर्डवरचं 'अ' असलेलं बटण झिजून कोरं झालेलं. त्यावर फायरफॉक्स हा ब्राउझर, आणि फायरफॉक्सच्या डोक्यावर टॅब, टॅब, टॅब, इतके की पट्टी दोन्ही बाजूंना बाण दाबून सरकवायला लागते. आई त्यांना टॅब म्हणत नाही, पानं म्हणते. "मी आत्ता त्या कोयनेच्या पानावर होते", "ते सांडग्यांचं पान डावीकडे आहे बघ, खूप डावीकडे". मराठीची शिक्षिका, रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी कुणी "टॅब ओपन कर" म्हणालं की तिच्या कपाळावर ती जुनी वही तपासतानाची आठी येते.

मी तिला बुकमार्क शिकवून झालेलं आहे. दोनदा. तो तारा दाबायचा, मग ते पान जपून राहतं, मग खुशाल बंद कर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तारा केला की ते कपाटात गेलं. कपाटातलं कोण बघतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझ्या स्वतःच्या बुकमार्कमध्ये २०१३ सालचे गोव्याचे होमस्टे आहेत. पुढे कधीतरी वाचनात आलं की अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमकं याच्यावर काम केलंय, लोक टॅब बंद का करत नाहीत यावर, आणि त्यांना लोकांनी जवळपास हेच सांगितलं, की नजरेआड झालं की संपलं, ब्लॅक होलमध्ये गेल्यासारखं. आईने कपाट म्हटलं होतं, आणि मला ती उपमा जास्त बरोबर वाटते, कारण कपाटात वस्तू असते, फक्त आपण ते उघडत नाही.

तर कोपऱ्यात अपडेटची सूचना लटकलेली होती. कधीपासून होती देव जाणे. आई ती दाबत नाही, कारण "ते दाबलं की पानं हलतात". ती कॉम्प्युटर बंदही करत नाही कधी, नुसता झोपवते, सकाळी स्पेसबार दाबला की तो डोळे उघडतो आणि सगळी पानं काल होती तिथेच. मी दाबलं. ब्राउझर बंद झाला, उघडला, सगळी पानं जागच्या जागी. बघ, काही होत नाही, असं मी मनातल्या मनात आईला सांगितलंसुद्धा. मग मला वाटलं आता आलोच आहोत तर मशीनही एकदा पूर्ण बंद करून चालू करावं. मग चालू झाल्यावर फायरफॉक्स किती सेकंदात उघडतो ते मी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं. एकोणीस. बंद केला, परत उघडला, अकरा. परत बंद केला, परत उघडला, नऊ. मी खूष. इतका फास्ट का झालाय हा प्रश्न मला पडला नाही, हे आता लिहितानाही कसंतरी होतंय.

आई उठली, चहा टाकला, कप घेऊन खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"माझी पानं कुठे गेली?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी कंट्रोल शिफ्ट टी दाबलं, एक कोरं पान परत आलं. परत दाबलं, अजून एक कोरं. हिस्ट्रीच्या मेनूत जाऊन रिस्टोअर प्रीव्हियस सेशन केलं, तर मागचं सेशन (ब्राउझर गेल्या वेळी बंद केला तेव्हा जे उघडं होतं ते) म्हणजे मीच स्टॉपवॉच लावून उघडलेली ती रिकामी खिडकी, तीच मान वर करून आली. आई माझ्या मागे उभी राहून हे बघत होती. मी "होईल, होईल, येतात परत" असं काहीतरी बोलत होतो, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात. ती म्हणाली, "असू दे रे. काय होतं त्यात एवढं." आणि कप घेऊन अंगणात गेली.

हे "असू दे" ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. "असू दे" म्हणजे प्रकरण मिटलेलं नसतं, ते फक्त आईकडे जमा झालेलं असतं.

पाच वाजता ती भजनी मंडळाला गेली आणि मी नीट विचार करायला बसलो. काय झालं होतं ते मग कळलं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये एक खूण असते, ब्राउझर उघडल्यावर मागच्या खिडक्या आणि टॅब उघडायचे की नाही याची. आईच्या मशीनवर ती नव्हती. आजवर गरजच पडली नव्हती, कारण ब्राउझर कधी बंदच होत नव्हता. अपडेटनंतर तो स्वतःहून बंद-चालू होतो तेव्हा एकदा सगळं परत आणून देतो, खूण असो नसो. त्याच्या पुढचं बंद करणं माझं होतं. तरी पहिल्यांदा रिकामा उघडला तेव्हा मागचं सेशन अजून शाबूत होतं, मेनूतून एका क्लिकमध्ये आलं असतं. पण फायरफॉक्स एकच मागचं सेशन धरून ठेवतो, आणि मी नऊ सेकंदांच्या नादात त्याच्यावर दोन रिकामी सेशन्स रचून ठेवली होती.

आता ज्यांच्यावर ही वेळ आलीये आणि जे घाम पुसत हे वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो, बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. अॅड्रेसच्या पट्टीत अबाउट:सपोर्ट टाइप करायचं, तिथे प्रोफाइल फोल्डर असं लिहिलेलं असतं आणि शेजारी तो उघडायचं बटण. त्या फोल्डरमध्ये सेशनस्टोअर-बॅकअप्स नावाचा अजून एक फोल्डर. ब्राउझर चालू असताना साधारण दर १५ सेकंदांनी तुमचे सगळे टॅब तिथल्या रिकव्हरी नावाच्या फाईलमध्ये लिहीत असतो, तिचीच एक जुनी नक्कल शेजारी असते, मागच्या वेळचं प्रीव्हियस नावाच्या फाईलमध्ये, आणि चौथी, जिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, ती अपग्रेड नावाची. अपडेट झाल्यावर ब्राउझर पहिल्यांदा उघडतो तेव्हा अपडेटच्या आधी जे काही होतं त्याची एक प्रत गुपचूप बाजूला काढून ठेवतो, नावाच्या शेपटाला १४ आकडे, म्हणजे त्या नव्या आवृत्तीच्या बिल्डची तारीख आणि वेळ. अशा शेवटच्या तीन अपडेटच्या प्रती राहतात. मात्र पहिलं काम हे की तो अख्खा फोल्डर कॉपी करून दुसरीकडे ठेवायचा, मगच पुढचे प्रयोग करायचे. मी केलं त्याच्या बरोबर उलटं.

प्रीव्हियस फाईल बघितली, २ केबी. रिकव्हरी, तेवढीच. अपग्रेड, जवळजवळ ३ एमबी. खरं सांगतो, फाईलच्या साईजकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ.

२०२४ च्या मे महिन्यात एक बातमी फिरली होती, एका बाईंचे ७,४७० टॅब, दोन वर्षं उघडे ठेवलेले, अचानक गेले आणि मग याच पद्धतीने जुन्या प्रोफाइलमधून परत आले, आणि सगळ्यांची मिळून फाईल भरली फक्त ७० एमबीच्या आसपास. तेव्हा मी ती बातमी ऑफिसच्या ग्रुपवर हसण्यासाठी टाकली होती.

इतके टॅब ४ जीबीच्या मशीनवर उघडे कसे राहतात याचं उत्तरही तिथेच आहे. ते उघडे नसतातच. पट्टीवर नावं दिसतात, पण सेशन परत आणल्यावर ज्याच्यावर क्लिक कराल तेवढंच पान खरोखर लोड होतं, बाकीची नुसती नावाच्या पाट्या लावून उभी. 

फाईल सरळ आत ठेवून दिली असती तर काम पाच मिनिटांत संपलं असतं. पण एकदा पोळल्यामुळे मी आधी खात्री करायचं ठरवलं, की आत खरंच पानं आहेत ना. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत नाही, ती आवळलेली असते, एलझेड-फोर नावाच्या पद्धतीने, आणि पुढे मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, स्वतःची ८ बाइटची ओळख चिकटवलेली असते. ती ओळख आणि त्याच्यामागे लिहिलेली लांबी काढून टाकली की मग ती उलगडता येते. माझ्या लॅपटॉपवर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा होती, दहा-बारा ओळींचं काम. उलगडली, आणि यादी काढली. पानाचं नाव, पत्ता, आणि शेवटचं कधी बघितलं ती वेळ. कारण हे सगळं त्यात असतं. पान किती खाली सरकवलं होतं ते असतं, अर्धवट भरलेला फॉर्म असला तर त्यातली अक्षरं असतात, मागे-पुढे कुठून कुठे गेलात ते असतं. खात्री करायला पहिल्या पाच ओळी पुरल्या असत्या. मी २८६ च्या २८६ वाचल्या.

आईची डायरी मी कधी उघडली नसती. कपाटात हाताला लागली असती तरी नाही. पण ही यादी होती, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि ती मी "चेक" करत होतो, आणि चेक करताना माणसाला काहीही वाचायची मुभा असते असं आपण सगळेच धरून चालतो.

६१ पानं म्हणजे नुसतं कोरं गूगल. काही शोधायचं असलं की आई नवीन पान उघडते, कोऱ्या कागदावर सुरुवात करावी तशी, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली की ते तसंच राहतं. बाकीच्यांत मराठी विश्वकोशाची तीसेक पानं. तिला विश्वकोशाचं अप्रूप आहे, एक तर तो जिथे तयार होतो ती वाई आमच्या साताऱ्यापासून तासाभरावर, आणि दुसरं म्हणजे १९७६ मध्ये पहिला खंड आला तेव्हा प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची प्रस्तावना तिने हाताने उतरवून काढली होती म्हणे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची चौदा पानं. हा १८५७ च्या आवृत्तीचा कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलाय आणि साताऱ्यातली एक निवृत्त बाई रोज सकाळचं शब्दकोडं त्याच्यावर घासून बघते. कोयना धरणाचं पान अर्थातच, पूर्ण भरलं की १०५.२५ टीएमसी, हा आकडा साताऱ्यात लहान पोरांनाही पाठ असतो. कोहळ्याचे सांडगे, तीन वेगवेगळ्या बायकांचे. सात-बारा. मुलतानी रागाची दोन-तीन रेकॉर्डिंग्ज. कोयना एक्सप्रेसचं टाइमटेबल. माझ्या मुलीच्या शाळेची वेबसाईट, 'अवर अॅक्टिव्हिटीज' वर उघडी.

आणि वेळा. यादीच्या उजव्या बाजूला वेळा होत्या, आणि त्या बघून माझं बाकीच्यावरचं लक्ष उडालं. ०३:१०. ०३:२२. ०२:५५. ०३:४०. ओळीमागून ओळ, पहाटे तीन, सव्वातीन, पावणेचार. वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळे महिने, वेळ तीच. मोल्सवर्थ पहाटे तीनला. कोयना पहाटे सव्वातीनला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्या मोठ्या घरात ती एकटी, आणि मी दर रविवारी फोनवर "झोप लागते ना गं?" विचारतो आणि ती "न लागायला काय झालं" म्हणते.

मी फाईल जागेवर ठेवली. ब्राउझर बंद करून, अपग्रेडची प्रत बाहेरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये, नाव बदलून सेशनस्टोअर, जुनी बाजूला, ब्राउझर चालू, हिस्ट्री, रिस्टोअर प्रीव्हियस सेशन. पट्टी भरत गेली. मग ती सेटिंगमधली खूण केली. आई आली, चपला काढता काढता तिने पडद्याकडे बघितलं, खुर्चीत बसली, डावीकडचा बाण दाबत दाबत पार टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "सांडगे आहेत." तिचा चेहरा मोकळा झाला. मग मान न वळवता विचारलं, "तू वाचलंस का हे सगळं?"

"फाईल कोडमध्ये असते गं. काही कळत नाही त्यातलं."

"बरं," आई म्हणाली.

पुढचे दोन आठवडे मी तिला भरपूर छळलं. रोज फोन. दुपारचा चहा बंद कर. जायफळ उगाळून दुधातून घे. रात्री नऊनंतर पडदा बघू नये म्हणतात. शेजारच्या काकूंना हळूच विचारलं, आईच्या खोलीतला दिवा रात्री चालू दिसतो का, त्या म्हणाल्या, मी दहाला झोपते, मला काय दिसणार. माझ्या एका डॉक्टर मित्राकडून मी वय आणि झोप यावर अर्धा तास ऐकून घेतलं. आई आधी हसली, मग वैतागली, मग एक दिवस तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मला झोप लागते. साडेदहाला पडते, साडेपाचला उठते. तुला कुणी काय सांगितलंय?" मला कुणी सांगितलं हे मी सांगू शकत नव्हतो. बायको म्हणाली, सरळ विचार ना आईंना. पण सरळ विचारायचं म्हणजे वाचलं हे कबूल करायचं.

उलगडा झाला तो असा. एका शनिवारी उगाच, स्वतःचं काय निघतं बघू म्हणून, तीच दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट मी माझ्या लॅपटॉपवरच्या सेशनवर चालवली. त्यानुसार मी शुक्रवारी पहाटे ०४:४८ ला जीएसटीच्या पोर्टलवर होतो. मी. पहाटे पावणेपाचला. मी त्या वेळी घोरत होतो याला साक्षीदार आहे. मग वाचत गेलो, ०५:१५ ला ऑफिसची मेल, ०७:३० ला जेवण मागवायचं पान, आणि डोक्यात ट्यूब पेटली. शुक्रवारी मी पोर्टलवर होतो ते सकाळी सव्वादहा-साडेदहाला. जेवण मागवलं एक वाजता.

साडेपाच तास.

फाईलमधली वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा, त्याला गाव नसतं. त्याची तारीख-वेळ करायला मी जे फंक्शन वापरलं होतं, एका जुन्या स्क्रिप्टमधून उचललेलं, ते ग्रिनिचकडची, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची, वेळ देतं. ते वापरू नका असं पायथॉन ३.१२ पासून सूचना देऊन सांगतं, आणि मी ती पिवळी सूचना बघून सोडून दिली होती, आपण सगळ्या पिवळ्या सूचना सोडतो तशी. म्हणजे आईचं पहाटेचं ०३:१० हे आठ चाळीस होतं. सकाळचं. आंघोळ, देवपूजा झालेली, दुसरा चहा, पेपरातलं शब्दकोडं आणि मोल्सवर्थ. गेली चौदा वर्षं ती याच वेळी तिथे बसते, मला हे माहीत आहे, मी घरी असलो की माझ्या डोळ्यांसमोर ती तिथे बसते.

मी एकटाच हसलो मोठ्याने. दोन आठवडे जायफळ! मग सगळ्या यादीत साडेपाच तास मिळवून ती परत काढली, केवळ समाधानासाठी. सगळा तो तीन-साडेतीनचा घोळका उचलून सकाळच्या उन्हात गेला. संध्याकाळची काही पानं होती ती खरी संध्याकाळची झाली. आणि तीन पानं होती जी आधी मी नीट बघितलीही नव्हती, कारण त्यांच्यापुढे २१:०५, २१:२०, २१:३१ असं होतं, रात्रीचे नऊ-साडेनऊ, जेवण झाल्यावर माणूस बसतोच. तारीख २४ जुलै २०२४. तिन्हीची तीच.

साडेपाच तास मिळवल्यावर ती तारीख बदलली. २५ जुलै २०२४. पहाटेचे दोन पस्तीस, दोन पन्नास, तीन एक.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. पुण्यातल्या लोकांना २५ जुलै २०२४ सांगावी लागणार नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या वर गेलं, आणि एकतानगरीत लोक उजाडता उजाडता उठले ते पाण्यातच. आमची सोसायटी तिथून जवळ, पण जरा चढावर, आम्ही चौथ्या मजल्यावर. आम्हाला सात वाजता खालच्या वॉचमनच्या ओरडण्याने जाग आली.

दोन पस्तीसचं पान म्हणजे खडकवासल्याचा पाणीसाठा. दोन पन्नासचं, हवामान खात्याचं पुण्याच्या पावसाचं. तीन एकचं पान म्हणजे नकाशा. नकाशाच्या पानाचा पत्ता लांबलचक असतो आणि त्यात अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, नकाशा कुठे धरून ठेवला होता आणि किती जवळ आणला होता ते. ते आकडे मी माझ्या ब्राउझरमध्ये टाकले. मुठा नदी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, आमची सोसायटी खालच्या, आणि पडद्याच्या मध्यावर काहीही नाही, नुसता रस्ता, नदी आणि आमच्या बिल्डिंगच्या बरोबर मधला.

आई मूळची पुण्याची, शनिवार पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मग खडकवासला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. पण तिची पानशेतची गोष्ट म्हणजे आमच्याकडे विनोदी गोष्ट आहे. पुरानंतर घरात गेले तर तिची तिसरीची पुस्तकं चिखलात एकमेकांना चिकटलेली, आजोबांनी ती दोरीवर वाळत घातली, धोतराशेजारी, आणि वाळल्यावर गणिताच्या पुस्तकाची पानं मराठीच्या पुस्तकाला चिकटून कविता सात गुणिले आठवर संपायची. ती हे सांगताना सगळे हसतात, तीही हसते, मी शंभरदा ऐकलंय. पाणी चढत होतं तेव्हा काय झालं, कोण कुठे होतं, हे त्या गोष्टीत कधीच नसतं. मीही कधी विचारलं नाही, गोष्ट चांगली होती.

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी तिला फोन केला होता, टीव्हीवर बघून घाबरेल म्हणून आधीच. म्हटलं, "आई, इकडे नदीचं पाणी आलंय बरं का, एकतानगरीत बोटी आणल्यात, पण आपल्याकडे काही नाही, आपण चढावर आहोत."

"हो का?" आई म्हणाली. "अरे देवा. कधी आलं?" आणि मग लगेच, "गाडी वरच्या बाजूला लावली होतीस ना रात्री?"

मी तिला फोनमध्ये गाडीबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. जवळजवळ पाच तास ती जागी होती आणि तिने फोन केला नव्हता, का ते मला न विचारताही माहीत आहे, "तू झोपला असशील".

दिवाळीला साताऱ्याला गेलो. कोपऱ्यात परत अपडेटची सूचना होती, ती मी दाबली नाही, आईला म्हटलं, तू दाब, आता काही होत नाही. तिने चष्मा लावला, दाबलं, पानं गेली, आली, तिने डावीकडे टोकापर्यंत जाऊन सांडगे तपासले. मग म्हणाली, फार झालीत रे, आज थोडी काढू या, तू शेजारी बस. कोरी गूगलची एकेक करत बंद केली. एका सांडग्याला निरोप दिला, "हिचं प्रमाण चुकलंय." शाळेची वेबसाईट ठेवली. सरकत सरकत नकाशाच्या पानावर आली, क्लिक केलं, ते लोड व्हायला लागलं, आधी करडे चौकोन, मग हळूहळू नदी.

"हे काढू का?" मी विचारलं. शक्य तितक्या साध्या आवाजात.

"नको," आई म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात लागेल." आणि पुढच्या पानावर गेली.